पिकअपच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेला आहे की हौसिंग, हे नक्की कसे ठरवावे?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून आंबा घाटाने कोल्हापूरला मासळी नेणारी, मागच्या चाकांवर चालणारी एक पिकअप आहे. पहिला गिअर टाकून क्लच सोडताना, तसेच घाटात अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना गाडीच्या खालून ‘टक्’ असा आवाज येतो आणि ताशी 50 ते 60 किलोमीटरच्या दरम्यान सीटखाली थरथर जाणवते. एका मेस्त्रींनी हौसिंग, म्हणजे मागच्या धुऱ्यावरचा डिफरन्शियलच्या गिअरांचा डबा, उघडावे लागेल असे सांगितले आहे, दुसऱ्यांनी सगळे क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या सांध्यांतले चौफुले, बदलून टाका असे सांगितले आहे, आणि मालकांना जाणून घ्यायचे आहे की दोघांपैकी कोणाचे ऐकावे.

माझे उत्तर असे की, प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सची गती मागच्या धुऱ्याला पोहोचवणाऱ्या नळीच्या, प्रत्येक सांध्याच्या दोन बाजू स्वतःच्या दोन हातांत धरून त्या एकमेकींपासून वेगळ्या हलतात का, हे पाहिल्याशिवाय दोघांपैकी कोणाचेही ऐकू नये. ‘टक्’ हा आवाज गिअरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंत कुठेही साठलेल्या ढिलेपणाचा असू शकतो, आणि पोकळ नळीचा शाफ्ट तो आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे इतक्या सहज नेतो की पुढच्या क्रॉसचा ठोका मागे हौसिंगमध्ये वाजल्यासारखा ऐकू येतो. कानाने केलेले निदान म्हणूनच फसते. हाताने केलेले निदान, योग्य क्रमाने केले तर, क्वचितच फसते.

आधी क्रॉस झिजतो कसा हे समजून घेतले तर पुढची प्रत्येक तपासणी कशासाठी करायची ते लक्षात राहील. क्रॉस म्हणजे चार खुंटांचा पोलादी चौफुला. त्याच्या प्रत्येक खुंटावर एक कप बसतो आणि कपाच्या आतल्या भिंतीला लागून बारीक सुयांचे बेअरिंग असते. दोन समोरासमोरचे कप एका योकमध्ये (सांध्याच्या दोन कानांच्या टोकात) आणि उरलेले दोन दुसऱ्या योकमध्ये बसवलेले असतात. चाकाच्या बेअरिंगप्रमाणे या सुया कधीच पूर्ण गोल फिरत नाहीत. शाफ्ट जितक्या अंशांत वाकून चालतो तितक्याच अंशांत त्या दाराच्या बिजागरीसारख्या पुढे-मागे होत राहतात, त्यामुळे सगळा भार खुंटाच्या ठरावीक पट्ट्यावर येतो. तिथले ग्रीस संपले किंवा तिथे पाणी शिरले की प्रत्येक सुई आपल्या जागी खुंटावर रेघ पाडू लागते. गंजाची बारीक भुकटी सुयांमध्ये मिसळली की ती कानसीचे काम करते, आणि मग काही आठवड्यांतच कप आणि खुंट यांच्यात हाताला जाणवेल इतकी जागा तयार होते.

कोकणात या झिजेला दोन गोष्टींची जोड मिळते. एक म्हणजे पावसाळ्यातले लाल चिखलाचे पाणी. दुसरी, मासळीच्या गाड्यांत त्याहून वाईट, म्हणजे हौद्यातून गळणारे बर्फाचे खारट पाणी. हे पाणी नेमके कुठे पडते ते कधीतरी खाली वाकून पाहावे. पुष्कळ गाड्यांत ते हौद्याच्या मधल्या फटींतून थेट शाफ्टवर, सेंटर बेअरिंगवर (दोन तुकड्यांच्या शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या बेअरिंगवर) किंवा मागच्या क्रॉसवर ठिबकत असते. गाडी धावताना शाफ्ट फिरत असल्याने बरेचसे पाणी उडून जाते, परंतु कोल्हापूरला माल उतरवून गाडी रात्रभर उभी राहिली की तेच पाणी वर तोंड करून राहिलेल्या कपाच्या सीलपाशी साचते. यामुळेच अशा गाड्यांत चारपैकी एकच कप पूर्ण गेलेला आणि बाकीचे तीन बऱ्यापैकी शाबूत, असे चित्र वारंवार दिसते. आणि ज्याने वरवर एक-दोन बाजूंनी पाहिले त्याला सांधा चांगला वाटतो.

गाडीखाली जाण्यापूर्वी रस्त्यावर दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. थरथर नेमकी शाफ्टची आहे की चाकाची, हे साध्या हिशेबाने कळते. या वर्गातल्या गाडीच्या टायरचा घेर ढोबळमानाने 2.1 मीटर धरला, तर ताशी 60 किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे 8 फेरे घेते. हौसिंगचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) सुमारे 4 धरले तर त्याच वेळी शाफ्ट सेकंदाला सुमारे 32 फेरे घेत असतो. सेकंदाला 8 वेळा येणारा धक्का अंगाला हेलकाव्यासारखा, स्टिअरिंगमध्ये किंवा हौद्याच्या फाळक्यात डोळ्यांना दिसेल असा जाणवतो. सेकंदाला 32 वेळा येणारा धक्का मात्र पायाखालच्या पत्र्यात, सीटखाली, गिअरच्या दांड्यात गुणगुणल्यासारखा येतो आणि तो सुटा सुटा ओळखता येत नाही. तुम्ही वर्णन केलेली सीटखालची थरथर दुसऱ्या प्रकारची असेल तर टायर बॅलन्स करण्यात पैसे घालवण्याआधी शाफ्ट पाहावा.

दुसरी गोष्ट न्यूट्रलची. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या माळाचा, सपाट, सरळ आणि मोकळा रस्ता निवडावा. थरथर ज्या वेगाला येते तो वेग गाठून क्षणभर न्यूट्रल करावे. थरथर तशीच राहिली तर ती वेगाशी बांधलेली आहे, म्हणजे शाफ्टची, सेंटर बेअरिंगची किंवा चाकाची आहे. ती थांबली तर इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सच्या फाउंडेशनकडे लक्ष द्यावे, आणि गाडी उभी करून इंजिन त्याच फेऱ्यांवर नेऊन थरथर पुन्हा येते का ते पाहावे. ही चाचणी घाटात, विशेषतः उतारावर, कधीही करू नये. उतारावर इंजिनचा ब्रेक हाच मोठा आधार असतो आणि तो तपासणीसाठीसुद्धा सोडायचा नसतो.

आवाजांपैकी एकच आवाज असा आहे की ज्यावर मी बराच विश्वास ठेवतो. गाडी अगदी हळू चालताना, बंदराच्या आवारात किंवा पेट्रोलपंपावर वळवताना, खालून ‘चिक्-चिक्’ असा बारीक, वेगाबरोबर वाढणारा आणि ब्रेक दाबला तरी न बदलणारा आवाज येत असेल, तर एखादा कप कोरडा पडला आहे असे समजावे. हा आवाज पावसात, पाण्यातून गाडी गेल्यावर, कित्येकदा पूर्ण बंद होतो आणि ऊन पडले की परत येतो. पाण्याने तात्पुरते वंगणाचे काम केलेले असते, दुखणे बरे झालेले नसते. जून महिन्यात आवाज गेला म्हणून निश्चिंत झालेल्या मालकाचा शाफ्ट गणपतीच्या गर्दीत, भर रस्त्यात उतरवावा लागतो, हे आमच्या भागातले नेहमीचे चित्र आहे.

आता प्रत्यक्ष तपासणी. यात सुरक्षिततेचा एक मुद्दा आहे जो मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगतो. या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. मागची चाके जॅकने उचलली की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडीला जमिनीवर धरून ठेवणारे काही उरत नाही. आणि शाफ्ट उतरवला की गिअर टाकून ठेवलेल्या गाडीचाही चाकांशी संबंध तुटतो. कोकणात सपाट जागा मिळणे कठीण, अंगणसुद्धा उताराचे असते. त्यामुळे पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय आणि चासिस भक्कम घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये. जांभा दगडाच्या चिऱ्यावर गाडी कधीही टेकवू नये, कारण तो चिरा भाराखाली अचानक फुटतो.

पहिली फेरी मात्र गाडी चारही चाकांवर उभी असतानाच करावी. धुरा लोंबकळत ठेवून सांधा हलवला तर त्याचा कोन नेहमीपेक्षा वेगळा होतो, सुया खुंटाच्या न झिजलेल्या भागावर जातात आणि ढिलेपणा लपतो. ठोकळे लावून, हँडब्रेक सोडून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, म्हणजे शाफ्टवर कोणताही ताण राहत नाही. मग मागच्या क्रॉसपासून सुरुवात करावी. एका हाताने हौसिंगकडची फ्लँज (बोल्टने जोडलेली चकती) आणि दुसऱ्या हाताने शाफ्टकडचा योक घट्ट धरून एकमेकांच्या उलट दिशेने पिळण्याचा प्रयत्न करावा. दोन्ही बाजू एकत्र फिरल्या, मग त्या कितीही फिरोत, तर तो ढिलेपणा या क्रॉसचा नाही. एक बाजू स्थिर राहून दुसरी केसभर जरी हलली तर तो क्रॉसचा आहे. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला जाणवणारा ढिलेपणा अजिबात नसतो. ‘थोडासा आहे, चालेल’ असा प्रकार इथे नाही. हीच कृती पुढच्या क्रॉसवर आणि दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या क्रॉसवरही करावी.

पिळून काही न आढळल्यास उचलून पाहावे. योकचा कान आणि क्रॉसचे मधले अंग यांच्यात जाड स्क्रू-ड्रायव्हर किंवा लहान टॉमी घालून हलकेच दाब द्यावा आणि कपाच्या कडेकडे लक्ष ठेवावे. नंतर शाफ्ट पाव फेरा फिरवून, म्हणजे गाडी थोडी पुढे ढकलून व पुन्हा ठोकळे लावून, उरलेल्या दोन कपांवर तेच करावे. हा पाव फेरा बहुतेक जण टाळतात आणि नेमका गेलेला कप त्याच वेळी वरच्या, हात न पोहोचणाऱ्या बाजूला असतो. चारही कप पाहिल्याशिवाय क्रॉसला ‘ठीक’ म्हणू नये.

डोळ्यांनी पाहताना कपाच्या सीलभोवती लाल भुकटी शोधतात, कारण आत गंजून दळले गेलेले पोलाद तिथून बाहेर पडते. आपल्याकडे इथे फसगत होण्याची शक्यता मोठी आहे, कारण गाडीचे सगळे पोटच जांभ्याच्या धुळीने लाल झालेले असते. मातीची धूळ सगळीकडे सारखी बसते, बोटावर चोळली की रवाळ लागते आणि ओल्या कापडाने लगेच निघते. गंजाची भुकटी मात्र कपाच्या कडेला गोल कड्यासारखी धरते, तिचा रंग कातासारखा गडद असतो आणि ती पिठाइतकी बारीक असते. शंका असल्यास चारही कपांच्या कडा डिझेलच्या बोळ्याने पुसून स्वच्छ कराव्यात, दोन-तीन दिवस गाडी नेहमीप्रमाणे चालवावी आणि पुन्हा पाहावे. एकाच कपाभोवती लाल कडे परत आले तर तो कप आतून गेला आहे, मग हाताला ढिलेपणा लागो वा न लागो.

ग्रीस गन हे वंगण भरण्याइतकेच तपासणीचेही साधन आहे, आणि त्या दृष्टीने तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. क्रॉसच्या निपलला गन लावून दाब देत राहिले की ग्रीस आतल्या चार वाटांनी चारही कपांत जाते आणि जुने ग्रीस सीलमधून बाहेर येते. चारही कपांतून ग्रीस बाहेर येईपर्यंत दाब देत राहावे आणि बाहेर काय येते ते बोटावर घेऊन पाहावे. काळपट पण एकसंध ग्रीस आले तर काळजी नाही. दुधासारखे पांढरट आले तर आत पाणी शिरले आहे. नवे ग्रीस येईपर्यंत ते पूर्ण काढावे आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. तांबूस, कचकच लागणारे ग्रीस आले तर खुंटावर रेघा पडलेल्या आहेत. एका कपातून काहीच बाहेर येत नसेल तर त्याची वाट चोंदलेली आहे आणि तो कप बराच काळ कोरडा चालला आहे, भले इतर तिघांतून लोण्यासारखे ग्रीस येत असो. मासळीच्या एका गाडीत मी पाहिलेला क्रॉस असाच होता: तीन कपांच्या सीलवर ताज्या ग्रीसचे मऊ कडे, चौथ्याचे सील कोरडे ठणठणीत, आणि तो कप काढल्यावर सुयांच्या जागी लाल चिखल व तीन-चार तुकडे. चालक दर महिन्याला नेमाने ग्रीस मारत होता. ते कुठून बाहेर येते हे पाहायला त्याला कोणी सांगितले नव्हते. काही क्रॉस निपल नसलेले, कायमचे बंद केलेले असतात. त्यांच्यावर ही परीक्षा करता येत नाही, आणि खाऱ्या पाण्याच्या गाडीत मी ते बसवत नाही.

क्रॉस लाल पडला असेल तर ग्रीस मारल्यावर आवाज थांबेल, आणि मेस्त्री व मालक दोघांनाही काम झाले असे वाटेल. खुंटावर पडलेल्या रेघा मात्र ग्रीसने भरून येत नाहीत. लाल भुकटी दिसलेला क्रॉस बदलायचाच, या बाबतीत मी तडजोड करत नाही.

आता हौसिंगच्या मुद्द्याकडे येतो, कारण पहिल्या मेस्त्रींचा सल्ला तिथे आहे. शाफ्ट हाताने फिरवला आणि मागची फ्लँज चाक न हलता काही अंश फिरली म्हणून हौसिंग गेले, असा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. क्राउन (हौसिंगमधला मोठा गिअर) आणि पिनियन (त्याला फिरवणारा, शाफ्टकडचा लहान गिअर) यांच्या दातांत एक-दोन दशांश मिलिमीटरची जागा मुद्दाम ठेवलेली असते. शिवाय आतल्या छोट्या गिअरांत आणि धुऱ्याच्या स्प्लाइनमध्ये (एकमेकांत अडकणाऱ्या लांब दात्यांत) थोडी जागा असतेच. चाकाच्या बाजूला असलेला एक अंशाचा ढिलेपणा गुणोत्तरामुळे पिनियनच्या फ्लँजवर चौपट होऊन दिसतो. म्हणून चांगल्या हौसिंगचीसुद्धा फ्लँज काही अंश फिरते. तिच्यावर खडूने खूण करून एकूण किती फिरते ते पाहावे. दातांची झीज खरोखर असेल तर गाडी ओढताना आणि सोडताना हौसिंगमधून हुंकारासारखा आवाज येतो, तेलात चकाकणारी कीस सापडते, आणि तेव्हाच ते उघडावे. तेल दुधाळ असेल तर गोष्ट वेगळी. 2021 च्या जुलैतल्या पुरात चिपळूणला पाण्यात बुडालेल्या गाड्यांप्रमाणे तिथे पाणी शिरलेले असते आणि हौसिंग, क्रॉस, सेंटर बेअरिंग असे सगळेच तपासावे लागते.

पिनियनची आणखी एक तपासणी मात्र टाळू नये. फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि डावी-उजवीकडे जोर लावावा. फिरण्याची मुभा असली तरी या दिशांना ती जराही हलता कामा नये. हलली तर पिनियनचे बेअरिंग ढिले आहे. हा दोष मागच्या क्रॉसच्या दोषाची हुबेहूब नक्कल करतो, आणि तो राहू दिला तर नवा क्रॉसही लवकर जातो. फ्लँजच्या मागच्या सीलमधून तेल गळत असेल तर ही शंका आधी घ्यावी.

क्रॉस आणि हौसिंग यांखेरीज ‘टक्’ कुठून येऊ शकतो, तेही थोडक्यात पाहून घ्यावे. पाट्यांचे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) यू-बोल्ट सैल असतील, शॅकलचे (पाट्याचे टोक चासिसला टांगणाऱ्या कड्याचे) बुश गेले असतील किंवा गिअरबॉक्सच्या फाउंडेशनचे रबर फाटले असेल, तर ताण बदलताना तसाच ठोका बसतो. यू-बोल्ट पान्ह्याने ताणून पाहायला पाच मिनिटे लागतात, म्हणून ते आधी पाहावे. स्लिप योकच्या (शाफ्टला लांब-आखूड होऊ देणाऱ्या सरकत्या योकच्या) स्प्लाइनमध्ये ढिलेपणा असेल तर शाफ्ट तिथे हाताने वर-खाली हलतो. तिथे जागा फार वाढलेली असेल तर नुसते क्रॉस बदलून थरथर जाणार नाही. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये सेंटर बेअरिंगभोवतीचे रबर सर्व बाजूंनी हात फिरवून तपासावे. भरलेली गाडी चढावर उचलताना, ताशी 10 ते 25 किलोमीटरच्या दरम्यान अंगभर थरथर येऊन वेग वाढल्यावर जात असेल, तर माझा पहिला संशय या रबरावर असतो.

पाट्यांचाच दुसरा भाग म्हणजे वाढवलेले पाटे. जास्त माल भरता यावा म्हणून कित्येक जण मागे दोन-तीन पाटे वाढवून घेतात. त्यामुळे रिकाम्या गाडीचे मागचे अंग उंच राहते, धुऱ्याचा आणि शाफ्टचा कोन बदलतो, आणि कोल्हापूरहून रिकामी परतणारी गाडी संपूर्ण वाट वाढलेल्या कोनात चालते. एका क्रॉसमधून फिरणारी गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तरच ती चढ-उतार भरून निघते. कोन असमान झाले की थरथर येते आणि सुयांवरचा भार वाढतो. भरलेल्या गाडीत थरथर नाही, पण रिकामीत आहे, असे असेल तर क्रॉसला दोष देण्याआधी पाटे मोजावेत. क्षमतेपेक्षा अधिक माल घाटात नेणे हे ब्रेकच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे, हे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

इतके करूनही शंका राहिली तर शाफ्ट उतरवावा. उतरवण्यापूर्वी दोन्ही फ्लँज, स्लिप योक आणि नळी यांवर पांढऱ्या रंगाने एकमेकांसमोर खुणा कराव्यात. स्प्लाइन एका दात्याने जरी चुकीची बसली तरी दोन्ही टोकांचे योक एका ओळीत राहत नाहीत आणि पूर्वी नसलेली थरथर नव्याने येते. शाफ्ट बाकावर ठेवून प्रत्येक सांधा दोन्ही दिशांना हळूहळू वाकवावा. नवा सांधा थोडा जड पण सर्वत्र सारखा फिरतो. झिजलेला सांधा मधोमध, म्हणजे गाडीत तो ज्या कोनात चालत होता नेमक्या तिथे, खाचेत बसल्यासारखा अडतो आणि पुढे गेल्यावर मोकळा होतो. ही खाच एकदा बोटांना समजली की माणूस ती विसरत नाही. क्रॉस बाहेर काढल्यावर खुंटावर नख आडवे ओढावे. सुयांच्या रेघा नखाला लागतातच.

दुसऱ्या मेस्त्रींनी सगळे क्रॉस बदलायला सांगितले, त्यात तथ्य आहे, पण ते तपासणीनंतरचे. एक क्रॉस खाऱ्या पाण्याने गेल्याचे सिद्ध झाले असेल आणि बाकीचे त्याच वयाचे असतील, तर शाफ्ट खाली आलेला असताना ते सगळे बदलणे शहाणपणाचे आहे, कारण उतरवण्या-चढवण्याची मजुरी एकदाच लागते. मात्र ढिलेपणा पिनियनमध्ये असताना क्रॉस बदलले तर पैसेही जातील आणि आवाजही राहील. बदलताना कप योकच्या भोकात दाबूनच बसला पाहिजे. तो हाताने सरकून आत जात असेल तर योकचा कान झिजला आहे. तिथे पंच मारून किंवा वेल्डिंगचे टाके देऊन कप अडकवणे ही सर्रास चालणारी आणि अत्यंत चुकीची पद्धत आहे. त्याने शाफ्टचा बॅलन्स बिघडतो आणि कप केव्हा निसटेल याचा भरवसा राहत नाही. तसेच सर्क्लिप (कप जागेवर अडवणारी स्प्रिंगची कडी) खाचेत पूर्ण बसली आहे याची खात्री प्रत्येक कपावर टोकदार सळईने टोचून करावी.

हे काम पुढे ढकलू नये, कारण हा दोष नुसत्या आवाजावर थांबत नाही. पुढचा क्रॉस चालत्या गाडीत तुटला तर शाफ्टचे पुढचे टोक रस्त्यावर पडून रुतू शकते, किंवा फिरता फिरता ब्रेकची पाइपलाइन आणि डिझेलची नळी तोडू शकते. घाटाच्या उतारावर त्याच क्षणी इंजिनचा आधारही सुटतो. हाताला स्पष्ट ढिलेपणा लागलेली गाडी भरून आंबा घाटात नेऊ नये. जवळच्या गॅरेजपर्यंत रिकामी, हळू न्यावी. शाफ्टच्या पुढच्या भागाखाली लोखंडी पट्टीचे कडे नसेल तर ते बसवून घ्यावे, म्हणजे तुटलेले टोक खाली पडणार नाही.

वेळेचा विचार करता, जून-जुलैमधील मासेमारी बंदीचा काळ या कामासाठी सर्वांत सोयीचा आहे, पण गाडी उभी करून ठेवण्यापूर्वीच ग्रीस मारावे. दोन महिने दमट हवेत एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीत सुया एकाच जागेवर गंजून खुंटाला चिकटतात. म्हणून आठवड्यातून एकदा गाडी थोडी पुढे-मागे करावी. हौद्यातल्या पाण्याला पन्हळ करून ते बंद टाकीत साठवावे आणि ठरलेल्या जागी रिकामे करावे. घाटाच्या वळणावर सांडलेल्या मासळीच्या पाण्यावर दुचाकीस्वार घसरतात, हेही त्यामागचे तितकेच मोठे कारण आहे. कंपनीच्या पुस्तिकेत ग्रीसचे जे अंतर दिले असेल ते मासळीच्या गाडीला निम्म्यावर आणावे, आणि गाडी गुडघाभर पाण्यातून गेली असेल तर दुसऱ्याच दिवशी, चारही कपांतून नवे ग्रीस दिसेपर्यंत, गन मारावी. नवे क्रॉस बसवल्यावर फ्लँजचे बोल्ट योग्य दर्जाचे आणि नट नवे, सेल्फ-लॉकचे वापरावेत, ते टॉर्क पान्ह्याने पुस्तिकेतल्या मापाला आवळावेत, आणि घाटाची पहिली भरलेली खेप करून आल्यावर, गाडी थंड झाल्यानंतर, पुन्हा एकदा तपासावेत.